लेसर मशीनसाठी घरी बनवलेली रोटरी : सामान, मोजमाप, जुळणी आणि चाचणी

छोटं डायोड लेसर मशीन घेतलं की सुरुवातीला पाट्या, कीचेन, फोटो फ्रेम असं सपाट काम चालतं. मग लग्नसराई येते आणि गिऱ्हाईक रंगीत स्टीलची बाटली, लाकडी लाटणं नाहीतर बांबूचा पेला पुढ्यात ठेवून विचारतं, "यावर नाव घालून मिळेल का?" भांड्यावर नाव घालायची आपल्याकडची रीत जुनी. तेच काम लेसरने गोल वस्तूवर करायचं तर लेसरखाली ती वस्तू मोजून-मापून फिरवणारं एक जोडयंत्र लागतं. त्यालाच रोटरी म्हणतात.

रोटरी तयारही मिळते. पण सोलापूरसारख्या यंत्रमागांच्या गावात ती घरी बनवणं मला जास्त पटतं. शाफ्ट, बेअरिंग, पट्टा आणि लेथ, एवढ्याच चार गोष्टींचा हा खेळ, आणि या चारही गोष्टी जाणणारी माणसं इथे गल्लोगल्ली आहेत. शिवाय स्वतः बनवलेली रोटरी बिघडली तर कुठे बिघडली ते आपल्याला कळतं.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचा सगळा लेख तिच्याभोवती आहे. रोटरीवरचं काम बहुतेक वेळा दोनच कारणांनी वाया जातं : वस्तू रोलरवर घसरते, नाहीतर फिरता फिरता बाजूला सरकते. मोटर किती भारी, सॉफ्टवेअर कुठलं, याला त्यापुढे फारसं महत्त्व नाही. म्हणून पैसे वाचवायचे तर लाकडात वाचवा. बेअरिंग, ओरिंग (रबराची गोल कडी) आणि पट्टा चांगलाच घ्या.

हे सगळं जीआरबीएल कंट्रोलरवर (मशीनच्या मोटर चालवणाऱ्या बोर्डावर) चालणाऱ्या उघड्या चौकटीच्या डायोड मशीनसाठी लिहिलं आहे. सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या नळीच्या लेसर मशीनचा कंट्रोलर बहुतेक वेळा वेगळा असतो. तिथे यांत्रिक भाग हाच चालेल, सेटिंग मात्र त्या कंट्रोलरप्रमाणे करावी लागेल.

रोलर की चक

रोटरीचे दोन प्रकार. चक रोटरीत लेथसारखे जबडे वस्तूचं एक टोक पकडतात आणि फिरवतात. रोलर रोटरीत दोन समांतर रोलरवर वस्तू नुसती आडवी ठेवायची. एक रोलर फिरतो आणि त्याच्याबरोबर वस्तू फिरते.

घरी बनवायला रोलरची सोपी, आणि तिचा एक मोठा फायदा आहे. रोलरचा पृष्ठभाग जेवढा सरकतो, तेवढाच वस्तूचा पृष्ठभाग सरकतो. मग वस्तू ४० मिमीची असो की १०० मिमीची, सेटिंग तेच राहतं. चकमध्ये प्रत्येक वस्तूचा व्यास मोजून भरावा लागतो.

कान असलेला मग, पेन, खूप निमुळता पेला ही मात्र चकची कामं. मगाचा कान रोलरला अडतो. पेन दोन रोलरच्या फटीत पडतं. तुमच्याकडे अशीच कामं जास्त येत असतील तर आधी चकचा विचार करा. बाटल्या, लाटणी, बांबूचे पेले, सरळ डबे यांना रोलर पुरेशी आहे.

काय काय लागेल

मोटर नेमा १७ मापाची स्टेपर, म्हणजे पावलापावलाने फिरणारी. तिचा चेहरा ४२ मिमी चौरस, स्क्रूची भोकं ३१ मिमी अंतरावर, शाफ्ट ५ मिमीचा, आणि एका फेऱ्यात २०० पावलं. जुन्या थ्रीडी प्रिंटरची निघालेली असली तरी चालते. जीटी२ जातीच्या, म्हणजे दात्यांच्या पट्ट्यासाठीच्या, दोन पुली : २० दात्यांची, ५ मिमी भोकाची, आणि ६० दात्यांची, ८ मिमी भोकाची. २०० मिमी लांबीचा जीटी२ चा बंद पट्टा, ६ मिमी रुंद. ६०८ नंबरची चार बेअरिंग. यांचं आतलं माप ८, बाहेरचं २२ आणि जाडी ७ मिमी. ८ मिमीचे पॉलिश केलेले दोन सरळ रॉड, प्रत्येकी साधारण ३५० मिमी. रोलरसाठी नायलॉनचा गोल रॉड. ओरिंग. १२ मिमी जाड प्लायचा पाया, बाजूच्या पाट्यांसाठी ३ मिमी प्लाय. आटे पाडलेले एम६ चे दोन रॉड आणि नट-वॉशर. एवढंच.

बेअरिंग आणि ओरिंग सोलापूरच्या पूर्व भागात मागाचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत विचारा. लेथच्या कामाला अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे जा. मोटर, पुली आणि पट्टा ऑनलाइन मागवावा लागेल असं धरून चाला. रॉड विकत घेताना दुकानातच सपाट काचेवर किंवा ग्रॅनाइटवर लोळवून बघा. वाकडा रॉड लोळताना एका जागी थबकतो आणि खालून उजेडाची फट दिसते. असा रॉड फुकट मिळाला तरी घेऊ नका.

रोलर : इथे वेळ घाला

लेथवाल्याला नायलॉनची चार चाकं करायला सांगा, प्रत्येक रॉडवर दोन. बाहेरचा व्यास २८ मिमी, रुंदी १२ मिमी, मधोमध ८ मिमीचं भोक, रॉडवर आवळायला एक ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू), आणि परिघावर ओरिंगसाठी २ मिमी खोल खाच. खाचेच्या तळाचा व्यास २४ मिमी येईल. त्यात आतून २२ मिमीची, ३ मिमी जाडीची ओरिंग ताणून बसवली की ओरिंगवरून मोजलेला व्यास साधारण ३० मिमी होतो. साधारण म्हणतो, कारण ताणली गेल्यावर ओरिंग किंचित बारीक होते. खरा आकडा व्हर्नियरने घ्या आणि लिहून ठेवा. पुढे सेटिंगमध्ये तोच लागणार आहे.

चारही चाकं एकाच वेळी, एकाच नायलॉन रॉडमधून, एकाच सेटिंगवर काढून घ्या. आज दोन आणि उद्या दोन केली तर मापात बारीक फरक पडतो. एकाच रॉडवरच्या दोन चाकांत फरक असला की वस्तू एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी फिरू बघते, आणि बाजूला चालायला लागते.

आधी भोक आणि मग बाहेरचा व्यास, हे दोन्ही काम चकमधून न काढता करायला सांगा. नाहीतर भोक मध्यावर येत नाही, चाक डगमगतं, आणि अक्षरं एका बाजूला दाटीची तर दुसऱ्या बाजूला विरळ उमटतात.

अखंड लांब रोलर करण्यापेक्षा अशी सुटी चाकं बरी. ग्रब स्क्रू ढिला करून चाकं जवळ-लांब सरकवता येतात. लाटण्याला दोन्ही चाकं मधल्या जाड भागाखाली आणायची, बाटलीला एक तळाजवळ आणि एक गळ्याच्या अलीकडे. स्क्रू जिथे टेकतो तिथे रॉडवर कानशीने छोटा सपाट भाग करू नका. चाकं सरकवायची सोय त्याने जाते.

बाजूच्या पाट्या

या पाट्या तुमच्याच लेसर मशीनवर कापता येतील. प्रत्येक पाटी ३ मिमी प्लायच्या तीन थरांची, फेविकॉलने चिकटवून वजनाखाली रात्रभर ठेवलेली. आतल्या दोन थरांत बेअरिंगसाठी २२ मिमीचं भोक, बाहेरच्या थरात त्याच जागी १६ मिमीचं. त्यामुळे बेअरिंग बाहेर निसटत नाही. दोन थर मिळून ६ मिमी आणि बेअरिंग ७ मिमी, म्हणजे ते आतल्या बाजूला एक मिलिमीटर पुढे राहील. ते राहू द्या. चाक किंवा वॉशर लाकडाला घासत नाही.

लेसरची रेघ स्वतःची जाडी खाते, म्हणून २२ चं भोक काढलं तर ते थोडं मोठंच कापलं जातं. प्लायच्या तुकड्यावर २१.७, २१.८, २१.९ अशी भोकं कापून बघा. बेअरिंग अंगठ्याच्या जोराने बसलं तर माप बरोबर. हातोडी घ्यावी लागली तर भोक लहान आहे. बसवताना दाब बाहेरच्या कडीवरच द्या. आतल्या कडीवर दाबलं तर छऱ्यांना मार बसतो आणि फिरताना खरखर येते.

आता भोकांची जागा. रोलरचा आस पायापासून ३५ मिमी उंच घ्या. मोठी पुली पाट्यांच्या बाहेर बसणार आहे आणि ती पायाला घासता कामा नये, म्हणून एवढी उंची. चालता, म्हणजे मोटरने फिरणारा रोलर एका ठरलेल्या भोकात. दुसऱ्या रोलरसाठी प्रत्येक पाटीत दोन भोकं ठेवा, चालत्या रोलरपासून ४५ मिमी आणि ७५ मिमी अंतरावर.

हे आकडे असे निघाले. वस्तू रोलरवर ज्या कोनात टेकते तो कोन फार उथळ असेल तर वस्तू डुलते, फार खोल असेल तर रोलरच्या मध्ये अडकल्यासारखी होते. उभ्या रेषेपासून प्रत्येक बाजूला २५ ते ३५ अंश असला की मस्त. रोलर ३० मिमीचा आणि अंतर ४५ असेल तर ७० मिमीच्या बाटलीला २७ अंश मिळतात. १०० मिमीच्या डब्याला तेच २० वर येतात, म्हणून मोठ्या वस्तूंसाठी ७५ चं भोक. १२० मिमीच्या डब्याला तिथे बरोबर ३० अंश मिळतात. ४० मिमीच्या लाटण्याला ४५ च्या अंतरावर ४० अंश येतात. थोडे जास्त, पण चालून जातात.

पाटीचा वरचा काठ आसाच्या वर १७ मिमीपर्यंतच ठेवा, म्हणजे पाटीची एकूण उंची ५२ मिमी. कारण लाटण्याची बारीक मूठ पाटीवरून बाहेर जाऊ शकली पाहिजे. ४० मिमीच्या लाटण्याचा मध्य रोलरच्या आसाच्या साधारण २७ मिमी वर येतो. मूठ १६ मिमी जाड धरली तर तिचा खालचा काठ १९ मिमीवर राहतो आणि पाटीवरून सुटतो. बाटलीचं पोट मात्र बाहेर काढता येणार नाही, ते खाली लागेल. म्हणून दोन पाट्यांमधलं आतलं अंतर ३०० मिमी घ्या, लिटरची बाटली सुखाने आत मावते.

दोन्ही पाट्या एकावर एक ठेवून, चारही बेअरिंगच्या जागा जुळतात का ते बघूनच पुढे जा. मग एम६ चे रॉड दोन टोकांना घालून, आतून-बाहेरून नट लावून ३०० मिमीचं अंतर पक्कं करा आणि पाट्या एल-अँगलने पायावर बसवा. शेवटचे स्क्रू आवळायच्या आधी दोन्ही रोलर बसवून, डावीकडे आणि उजवीकडे त्यांच्यातलं अंतर व्हर्नियरने मोजा. नंतर कर्णही मोजा. दोन्ही बाजूंचं अंतर सारखं आणि दोन्ही कर्ण सारखे आले की रोलर समांतर आहेत. इथला अर्धा मिलिमीटरचा फरकही पुढे बाटलीवर दिसतो.

मोटर आणि पट्टा

मोटर थेट रोलरला जोडता येते. पण मधे तीनास एकची घट ठेवलेली बरी. कारण आकड्यांत बघा. बहुतेक बोर्डांवर मोटरचं एक पाऊल सोळा भागांत वाटलेलं असतं, म्हणजे एका फेऱ्यात ३२०० सूक्ष्म पावलं. ३० मिमीच्या रोलरचा परीघ ९४.२ मिमी. थेट जोडलं तर एका मिलिमीटरला फक्त ३४ सूक्ष्म पावलं मिळतात, आणि ०.१ मिमीच्या रेघेला साडेतीनच्या आसपास. अर्धं पाऊल टाकता येत नाही, त्यामुळे रेघा कधी जवळ कधी लांब पडून भरीव अक्षरात पट्टे दिसतात. २० आणि ६० दात्यांच्या पुली लावल्या की मिलिमीटरला जवळपास १०२ पावलं होतात, आणि मोटरचा जोरही तिप्पट होतो.

या दोन पुली आणि २०० मिमीचा पट्टा असला की मोटर आणि रोलर यांच्या मध्यांत ५८.६ मिमी अंतर लागतं. मोटरच्या स्क्रूंची भोकं गोल न करता ६ मिमी लांबट करा, म्हणजे मोटर सरकवून पट्टा ताणता येईल. बोटाने मधोमध दाबल्यावर पट्टा किंचित दबावा, लोंबू नये आणि तारेसारखा कडकही होऊ नये. कडक पट्टा बेअरिंग ओढून धरतो.

मोटर चालत्या रोलरच्या बाहेरच्या बाजूला, तिचं अंग पाट्यांच्या आत आणि शाफ्ट बाहेर, अशी बसवा. मोटरच्या जागी पाटीचा एक थर कमी ठेवा, नाहीतर शाफ्टचा पुरेसा भाग पुलीला मिळत नाही. या बाजूला पाटीचा काठ ६० मिमी उंच केला तरी हरकत नाही. वस्तू तिथवर येत नाही.

वायरी जोडताना

रोटरीची मोटर मशीनच्या वाय मोटरच्या, म्हणजे आडवा दांडा पुढे-मागे नेणाऱ्या मोटरच्या जागी जोडायची असते. पहिला नियम : मशीन बंद करून, पॉवरचा प्लग काढूनच मोटरची पिन काढा-घाला. चालू मशीनमध्ये मोटरची पिन काढली तर ड्रायव्हर, म्हणजे बोर्डवरची मोटरला करंट देणारी चिप, जळू शकतो.

मोटरला चार वायरी असतात, म्हणजे दोन जोड्या. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून बघा. ज्या दोन वायरींत बीप वाजतो ती एक जोडी. मीटर नसेल तर कुठल्याही दोन वायरींची टोकं एकमेकांना लावून शाफ्ट बोटांनी फिरवा. जोडी बरोबर असेल तर शाफ्ट जड होतो. मशीनच्या मूळ वाय मोटरची पिन बघून जोड्या त्याच क्रमाने लावा. मोटर उलटी फिरली तर एका जोडीच्या दोन वायरींची अदलाबदल करा. मोटर जागच्या जागी थरथरत असेल तर जोड्या चुकल्या आहेत.

काही मशीनना वायच्या दोन मोटर असतात आणि दोन्ही एकाच ड्रायव्हरवर चालतात. तिथे दोघींत वाटला जाणारा करंट आता एकट्या रोटरीच्या मोटरला मिळेल. थोडा वेळ चालवून मोटरला हात लावून बघा. कोमट झाली तर ठीक, बोट टेकवत नसेल तर ड्रायव्हरचा करंट कमी करून घ्या.

मशीन उंच करणे आणि जुळवणे

७० मिमीची बाटली रोटरीवर ठेवली की तिचा माथा टेबलापासून साधारण १२७ मिमी उंच येतो. लाटण्याचा ९४ मिमी. म्हणून मशीनच्या चारही पायांखाली सारख्या उंचीचे भक्कम ठोकळे लागतात. ठोकळ्याला वरून पायाच्या आकाराची खाच करा, म्हणजे मशीन हलणार नाही. मशीन मोठ्या वस्तूच्या हिशोबाने एकदाच उंच करून ठेवा आणि छोट्या वस्तूला रोटरीखाली प्लायचे तुकडे सरकवा. दर वेळी मशीन उचलण्यापेक्षा हे बरं.

आता क्रम महत्त्वाचा. मशीन चालू करून वाय मोटर जोडलेली असतानाच होम करून घ्या, म्हणजे डोकं लिमिट स्विच दाबून आपली सुरुवातीची जागा शोधेल. लेसरचं डोकं वस्तूच्या बरोबर माथ्यावर येईल असं आणा आणि मशीन बंद करा. पिन रोटरीला लावा. वाय मोटर मोकळी झाल्यामुळे आता आडवा दांडा हाताने सहज सरकतो, म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी क्लॅम्प लावून जखडा. मग रोटरी दांड्याला समांतर आहे का बघा. डोकं डाव्या टोकाला नेऊन वस्तूच्या माथ्यावर आहे ना, उजव्या टोकाला नेऊन तिथेही आहे ना. दोन्हीकडे माथ्यावर आलं की रोटरीच्या पायाला टेबलावर पट्टी ठोकून जागा पक्की करा. पुढच्या वेळी पाच मिनिटांत जुळणी होते.

पिन बदलल्यावर होमचं बटण दाबू नका. वायचा लिमिट स्विच आता कधीच दाबला जाणार नाही, मशीन त्याला शोधत बाटली फिरवत राहील आणि शेवटी अलार्म देईल. चालू होताना आपोआप होम करण्याचं सेटिंग लाइटबर्नमध्ये (लेसर चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) असेल तर ते बंद करा, आणि मशीन अलार्मवर उघडलं तर कन्सोलमध्ये, म्हणजे त्यातल्या आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, $X देऊन मोकळं करा. कामाची सुरुवात 'सध्याच्या जागेपासून' निवडा. सॉफ्ट लिमिट (ठरलेल्या हद्दीबाहेर डोकं जाऊ न देणारं सेटिंग), म्हणजे $२०, रोटरीपुरती बंद ठेवा.

सेटिंग

कन्सोलमध्ये $$ देऊन निघालेले सगळे आकडे आधी फाइलमध्ये उतरवून ठेवा. $१०१ म्हणजे वाय दिशेला एका मिलिमीटरची पावलं. २० दात्यांची पुली आणि सोळा भाग असलेल्या मशीनवर तिथे ८० दिसतं. ते बदलायचं नाही.

८० पावलांना मशीन एक मिलिमीटर समजतं. आपल्या रोलरच्या एका फेऱ्याला मोटरचे तीन फेरे, म्हणजे ९६०० पावलं लागतात. ९६०० भागिले ८० म्हणजे १२०. लाइटबर्नच्या रोटरी सेटअपमध्ये प्रकार रोलर निवडा, अक्ष वाय ठेवा, एका फेऱ्याचे मिलिमीटर १२० भरा आणि रोलरचा व्यास तुम्ही मोजलेला भरा. वस्तूचा व्यास परिघाच्या हिशोबापुरता आहे.

पडताळा असा घ्या. रोटरीचं सेटिंग बंद ठेवून, रोलरवर मार्करने खूण करून, हलवण्याच्या खिडकीत वाय १२० मिमी पुढे न्या. खूण एक पूर्ण फेरा मारून जागेवर यायला हवी. अर्धाच फेरा झाला किंवा दोन झाले तर बोर्डवरची पावलांची वाटणी वेगळी आहे.

शेवटचं $१२१, वायचा प्रवेग. सपाट कामाचा प्रवेग रोटरीला जास्त होतो. जड बाटली झटक्याने सुरू झाली की ओरिंगवर घसरते. तो १०० च्या आसपास आणा, आणि $१११ म्हणजे वायचा कमाल वेगही कमी करा. काम संपलं की मूळ आकडे परत भरायचे आहेत, त्यासाठीच ती फाइल.

पुठ्ठ्याच्या नळीवर चाचणी

चाचणीसाठी बाटल्या खराब करू नका. सोलापुरात कापडाच्या ताग्यांच्या पुठ्ठ्याच्या नळ्या सहज मिळतात. सरळ, गोल आणि कमी पॉवरवर खूण उमटणाऱ्या. ३०० मिमीच्या आतला तुकडा कापा. नळी हलकी असल्यामुळे घसरेल, म्हणून आत मधोमध जाड सळई धरून भोवती चिंध्या घट्ट ठासा. हलक्या वस्तूंसाठी नंतर एक कायमची सोय करा : कडेच्या पाटीवर बिजागरीने बसवलेली पट्टी, तिच्या टोकाला एक ६०८ बेअरिंग आणि ओढायला रबर. ते बेअरिंग वरून वस्तूवर हलकं दाब देत फिरत राहतं.

नळीवर ५० मिमीचा चौकोन कमी पॉवरने काढा. कागदाची पट्टी गुंडाळून फिरत्या दिशेची बाजू मोजा. ४९ भरली तर १२० ला हात लावू नका. ते दात्यांवरून आलेलं आहे, ते बरोबरच असणार. चूक रोलरच्या व्यासात आहे. ३० गुणिले ४९ भागिले ५०, म्हणजे २९.४ भरा आणि परत काढा. हीच चाचणी दोन-तीनदा केल्यावर दर वेळी वेगळं माप येत असेल तर आकड्यांशी खेळण्यात अर्थ नाही. वस्तू घसरते आहे. ओरिंग स्पिरिटने पुसा, प्रवेग कमी करा, वजन वाढवा.

माप जमलं की परिघाएवढी लांब रेघ काढून ती स्वतःलाच येऊन मिळते का बघा. ७० मिमीच्या वस्तूला ही रेघ २१९.९ मिमी होते.

आता देवनागरीची खास गोष्ट. नाव बाटलीच्या उंचीच्या दिशेने लिहिलं तर शिरोरेषा लेसरच्या डोक्याच्या प्रवासाने निघते आणि नेहमी सरळ येते. नाव बाटलीभोवती गुंडाळून लिहिलं तर तीच शिरोरेषा फिरण्याच्या दिशेने जाते, आणि बाटली जरा जरी बाजूला सरकत असेल तर रेषा तिरपी उतरते. इंग्रजी अक्षरांत हा दोष पटकन दिसत नाही, शिरोरेषेत लगेच दिसतो. म्हणून चाचणीत एखादं लांब नाव बाटलीभोवती जरूर काढा. 'ज्ञानेश्वर' पुरेसं आहे. शिरोरेषा एकाच बाजूला तिरकी जात असेल तर रोलर समांतर नाहीत. परत व्हर्नियर घ्या. ती नागमोडी येत असेल तर रॉड वाकडा किंवा चाक डगमगतं आहे.

सरकणं पूर्ण थांबल्यावरच बाटलीच्या तळाशी थांबा लावा : गोल टोकाचा एक स्क्रू, तळाच्या मध्यबिंदूला टेकणारा. मध्यावर टेकल्यामुळे फिरण्याला अडथळा होत नाही. समांतर नसलेल्या रोलरवर हा थांबा लावला तर दोष झाकला जातो आणि वस्तू घसरायला लागते.

भरीव अक्षरं काढताना स्कॅनचा कोन शून्य ठेवा, म्हणजे डोकं बाटलीच्या लांबीने ये-जा करेल आणि बाटली प्रत्येक रेघेला केसभर सरकेल. कोन ९० केला तर बाटली सारखी पुढे-मागे झटके खाते आणि कुठलीही रोटरी ते नीट सोसत नाही. मराठी अक्षरं पाथमध्ये (नुसत्या बाह्यरेषांत) बदलल्यावर वेल्डही करा, म्हणजे एकमेकांवर आलेले आकार जोडून एक करा. नाहीतर शिरोरेषेचे तुकडे एकमेकांवर येतात तिथे पोकळ्या राहतात.

कापूस, ऊन आणि डोळे

माग चालतो त्या शेडमध्ये लेसर चालवू नका. हवेतला तूस लेन्सवर बसतो, बीम अडवतो आणि लेन्स तापते. खाली साठलेला तूस ठिणगीने पेटतो. घराला लागूनच माग असेल तर मशीन बंद दाराच्या वेगळ्या खोलीत ठेवा, आणि काम सुरू करण्याआधी टेबल ओल्या फडक्याने पुसा. ओलं फडकं आणि अग्निशामक हाताशी असू द्या. मशीन चालू ठेवून जेवायला उठायचं नाही.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा लांब कामं सकाळी करा. डायोड तापला की त्याची ताकद उतरते, आणि सकाळी जमलेलं सेटिंग दुपारी फिकं उमटतं.

अर्ध्या वॅटच्या वरचा लेसर चौथ्या, म्हणजे सर्वात धोकादायक वर्गात मोडतो. रोटरीवर धोका आणखी वाढतो, कारण गोल चकचकीत पृष्ठभागावरून परावर्तन चहूकडे फेकलं जातं. निळ्या लेसरच्या ४५० नॅनोमीटरसाठी बनवलेला चष्मा खोलीतल्या प्रत्येकाने घालायचा, बघायला आलेल्या गिऱ्हाईकानेही. लहान मुलं खोलीबाहेर. धूर खिडकीबाहेर काढायला पंखा लागतोच.

कशावर चालेल, कशावर नाही

पावडर कोटिंगच्या रंगीत स्टील बाटल्यांवर सगळ्यात सुंदर काम होतं. रंग उडतो आणि खालचं स्टील चमकतं. बाटली रिकामी हवी, झाकण उघडं. लाकडी लाटणं आणि बांबू सोपे. लाटण्यावर नाव मुठीच्या जवळ घाला, म्हणजे कोरलेल्या अक्षरांत पीठ भरत नाही.

कोऱ्या स्टीलवर लहान डायोडने थेट नीट खूण उमटत नाही. मार्किंग स्प्रे मारून काळी खूण घेता येते, तीही भांड्याच्या बाहेरच्या अंगावरच, आणि नंतर स्वच्छ धुऊन. पारदर्शक काचेतून निळा प्रकाश आरपार जातो, तिला काळ्या रंगाचा थर द्यावा लागतो. चकचकीत तांब्या-पितळेची भांडी रोटरीवर घेऊच नका. खूण उमटत नाही आणि परावर्तन जोरात येतं. ती नावं भांड्यांच्या दुकानातल्या सुईच्या मशीनवरच घालून घ्या.

पीव्हीसीचा पाइप आणि व्हिनाइल स्टिकर लावलेल्या बाटल्या पूर्ण बंद. त्यातून क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतो, तो फुप्फुसाला घातक आणि मशीनच्या लोखंडालाही गंजवणारा. स्टिकर सोलून, गोंद स्पिरिटने काढून मगच बाटली रोटरीवर ठेवा.